कुंग फू सिनेमाचं अपेक्षित

(नांदेड व लातूर विभागातील नवशिक्यांसाठी. पेपर पहिला : पाहणे. पेपर दुसरा : परीक्षण लिहिणे.)

सर्वसाधारण सूचना : १) सगळे धडे अनिवार्य आहेत. २) एखादा धडा ऑप्शनला टाकल्यास काय होतं ते चौथ्या धड्यात दिलं आहे, निदान तो तरी टाकू नये. ३) प्रात्यक्षिक घरात करू नये. ४) सिनेमा चालू असताना शेजाऱ्याला पुढची गोष्ट सांगू नये. पुढं गोष्ट नसते, मारामारी असते.

पेपर पहिला : पाहणे

धडा १ : पात्रता

उमेदवारानं आयुष्यात एकदा तरी कुस्त्यांचा फड पाहिलेला असावा. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतला चालेल, गावच्या जत्रेतला नारळावरच्या कुस्तीचाही चालेल. इंग्रजी येण्याची अट नाही, चिनी भाषेची तर नाहीच नाही. हाँगकाँगला हे सिनेमे बनत तेव्हा शूटिंगच्या वेळी आवाज बहुधा घेतच नसत. संवाद, ठोसे, कपड्यांची फडफड, सगळं नंतर स्टुडिओत भरत. तेव्हा हिंदी डबिंगमध्ये पाहिला म्हणून कमीपणा वाटून घेऊ नये. ओठ एकीकडं अन् शब्द दुसरीकडं, हा प्रकार तिकडच्या प्रेक्षकानंही सोसलेला आहे.

थोडा भूगोलही लागतो. १९४८ साली निजामाचं राज्य गेलं, १९६० साली महाराष्ट्र झाला, पण सिनेमाच्या धंद्याला हे कुणी कळवलं नाही. वितरकांच्या वाटणीत तेलंगण, मराठवाडा आणि बिदर-गुलबर्ग्याकडचा मुलूख मिळून जो भाग होतो, त्याचं नाव ‘निजाम’च राहिलं. मुंबईच्या पेपरात कुणी किती तारे दिले याची नांदेडच्या प्रेक्षकाला फार फिकीर नसायची, त्याचं हे एक कारण.

पुढं व्हीसीआर आला. टीव्हीसकट एका रात्रीच्या भाड्यानं मिळायचा, गल्लीत वर्गणी निघायची आणि तीन कॅसेटी यायच्या. पहिली देवाधर्माची, म्हाताऱ्यांसाठी. दुसरी रडारडीची, बायकांसाठी. तिसरी ब्रूस लीची. तिचा नंबर लागेपर्यंत पहाट व्हायची आणि पोरं सतरंजीवर आडवी झालेली असायची. शेवटच्या मारामारीला मग कुणीतरी लाथ घालून उठवायचं. आज पन्नाशीत असलेल्या पुष्कळ जाणकारांना या सिनेमांचे शेवट तोंडपाठ आहेत आणि सुरुवातींचा पत्ता नाही, ते यामुळं. नवशिक्यानं त्यांच्याशी सुरुवातीविषयी वाद घालू नये.

साहित्य : एक पडदा (मोबाइलचाही चालेल), सुशीला एक ताट, मिरच्यांची भजी ऐच्छिक. सुशीला आधीच खाऊन घ्यावी. हाणामारी सुरू झाल्यावर चुरमुरे ताटात राहत नाहीत.

धडा २ : खरा ब्रूस ली ओळखणे

ब्रूस ली १९४० साली सॅन फ्रान्सिस्कोत जन्मला आणि २० जुलै १९७३ रोजी हाँगकाँगमध्ये गेला. वय ३२. मोठेपणी नायक म्हणून त्यानं पुरे केलेले कुंग फू सिनेमे मोजून चार : ‘द बिग बॉस’ (१९७१), ‘फिस्ट ऑफ फ्युरी’ (१९७२), त्यानंच लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला ‘द वे ऑफ द ड्रॅगन’ (१९७२) आणि तो गेल्यावर काही आठवड्यांनी लागलेला ‘एंटर द ड्रॅगन’ (१९७३).

आता तुम्ही म्हणाल, आमच्या मामांनी तर ब्रूस लीचे तीस सिनेमे पाहिलेत. मामा खोटं बोलत नाहीत. माणूस गेला, मागणी राहिली. मग हाँगकाँग आणि तैवानच्या निर्मात्यांनी ब्रूस लाय, ब्रूस ले, ड्रॅगन ली असे एकापाठोपाठ एक उभे केले. पोस्टरवरच्या नावात एका अक्षराचा फरक, तोही लांबून न दिसणारा. त्यातला ब्रूस ले तर धर्मेंद्र आणि ऋषी कपूरच्या ‘कातिलों के कातिल’पर्यंत (१९८१) येऊन पोचला. व्हिडीओवाला छातीवर हात ठेवून सांगायचा, “वरिजनल हाय, पैसे वापस,” आणि पैसे वापस मागायला जाण्याइतका चिनी चेहऱ्यांचा अभ्यास कुणाचाच नसायचा.

ओळखण्याची खूण : हिरो रात्रीसुद्धा काळा चष्मा लावत असेल, सारखी पाठ दाखवत असेल, किंवा महत्त्वाचं बोलताना अंधारात उभा राहत असेल, तर सावध व्हावं. पण या नियमाला एक कठीण अपवाद आहे. ‘गेम ऑफ डेथ’ (१९७८) या सिनेमासाठी खुद्द लीनं १९७२ साली काही मारामाऱ्या चित्रित केल्या होत्या. सिनेमा अर्धवट राहिला. पाच-सहा वर्षांनी बदली माणसं घेऊन तो पुरा केला, त्यात खऱ्या लीच्या मारामारीला मिळाली अकरा-बारा मिनिटं. एका ठिकाणी बदली नट आरशापुढं बसलाय आणि आरशात लीचा पुठ्ठ्यावरचा कापलेला चेहरा चिकटवलाय. लीच्या खऱ्या अंत्ययात्रेची दृश्यंही कथेत वापरली आहेत. पिवळा पोशाख, बास्केटबॉलपटू करीम अब्दुल-जब्बारची लांबच लांब तंगडी आणि तिच्याखालून वाट काढणारा ली, एवढा भाग अस्सल. तेवढा पाहावा, बाकीच्या वेळात चहा टाकावा.

धडा ३ : पायाकडं बघणे

हा धडा सर्वांत महत्त्वाचा. दरवर्षी येतो.

नवशिक्या ठोशाकडं बघतो. ठोसा शेवटी येतो. मारामारीचा निकाल त्याआधी पायात लागलेला असतो. हे तुम्हाला नवीन नाही. फडावर बसलेला म्हातारा पैलवानाच्या दंडाकडं बघत नाही, त्याचा पवित्रा बघतो. पुढचा पाय किती आत आलाय, वजन कुणीकडं आहे, माती कुठं उकरलीय. लातूर जिल्ह्यानं रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांसारखा हिंदकेसरी दिलाय. इथल्या माणसाला पाय वाचता येत नाहीत असं कोण म्हणेल? नांदेडला होला मोहल्ल्याला आणि दसऱ्याला हल्लाबोल निघतो, तेव्हा गतका खेळणाऱ्यांच्या तलवारीकडं पाहुणे बघतात. गावची माणसं त्यांच्या पावलांकडं बघत मागं सरकतात, कारण तलवार कुठवर येणार हे पावलं सांगतात.

तीच नजर पडद्यावर न्यायची आहे. सरावासाठी ‘द वे ऑफ द ड्रॅगन’चा शेवट घ्या. रोमचं कलोसियम. समोर चक नॉरिस, लीपेक्षा थोराड, छातीवर जंगल. दोघं आधी निवांत अंग मोकळं करतात, बोटं मोडतात. प्रेक्षक म्हणून एक मांजराचं पिल्लू आहे. मारामारी सुरू होते आणि ली मार खातो. त्याच्या पायांकडं बघा : पाऊल जड पडतंय, हालचाल शिकवल्यासारखी, साच्यातली. दोन-तीनदा तो खाली पडतो. मग उठल्यावर त्याच्या टाचा जमिनीवरून सुटतात. तो चवड्यांवर उड्या मारायला लागतो, मागंपुढं, ठेका धरून, आणि नॉरिसच्या लाथा हवेत जायला लागतात. नॉरिसही तसंच नाचून बघतो, त्याला ते जमत नाही. इथंच तो हरला. हात-पाय पुढं मोडतात, ती नंतरची कारवाई.

पाय मोडल्यावर ली मान हलवून सांगतो, आता पुरे. नॉरिस ऐकत नाही. मारल्यावर ली त्याचा अंगरखा आणि काळा पट्टा आणून त्याच्या अंगावर ठेवतो आणि गुडघे टेकतो. एवढ्या वेळात एकही संवाद नाही, तरी सगळी गोष्ट सांगून झालेली असते. दिग्दर्शक हाच, लेखक हाच, म्हणून जिथं बोलायचं नाही तिथं त्यानं कुणाला बोलू दिलं नाही.

धडा ४ : छत्तीस खोल्या, अर्थात लातूर पॅटर्न

शॉ ब्रदर्स ही हाँगकाँगची मोठी कंपनी. तिचे मालक रन रन शॉ २०१४ साली १०६व्या वर्षी गेले, तेव्हा त्यांच्या नावावर सिनेमांची अख्खी बाजारपेठ जमा होती. त्यातला नवशिक्यानं पहिला पाहावा असा म्हणजे लाऊ कार-लुंग यांचा ‘द थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन’ (१९७८). नायक गॉर्डन लिऊ. हा चेहरा ओळखीचा वाटेल : ‘चांदनी चौक टू चायना’मध्ये (२००९) अक्षय कुमारसमोर खलनायक म्हणून उभा राहतो तो हाच.

कथा लातूरकराला सांगावी लागत नाही. पोरगं घरावर संकट आल्यावर दूरच्या नामांकित संस्थेत पोचतं. थेट सगळ्यांत वरच्या, पस्तिसाव्या वर्गात बसायचा हट्ट धरतं, तिथं चाललेलं काही कळत नाही, बाहेर फेकलं जातं. मग पहिल्या वर्गापासून सुरुवात. मेसला जायची वाट पाण्यातून, तरंगत्या ओंडक्यांवरून. पडलात तर भिजा, उशीर झाला तर उपाशी राहा. डोक्यानं वाळूच्या पिशव्या ढकलायच्या. दंडाला पाती बांधून पाण्याच्या बादल्या वाहायच्या, हात खाली आला की पातं बरगडीत. एक खोली पास झाल्याशिवाय दुसरी नाही. सराव परीक्षा, पुन्हा सराव परीक्षा. करमणूक नाही, सुट्टी नाही, गावाकडून फोन नाही. सिनेमाचा मधला मोठा भाग फक्त हे चालतं आणि तरी माणूस हलत नाही.

(एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, ते दिवस पाहिलेल्या लातूरकरांना बादल्यांचा प्रसंग साधनेचा वाटणार नाही. त्यांना या प्रश्नात सवलतीचे गुण मिळतील.)

महत्त्वाचं पुढं आहे. पस्तीस खोल्या पार केलेला हा भिक्खू संस्थेतच एखादी खोली सांभाळत बसला असता. तो छत्तिसावी खोली मागतो : बाहेरच्या साध्या माणसांना शिकवण्यासाठी. वरची मंडळी नाराज होतात. पॅटर्नच्या बाहेर शिकवणारा माणूस कुठल्याच संस्थेला आवडत नाही.

याच धड्यात ‘ड्रंकन मास्टर’ (१९७८) येतो. दिग्दर्शक युएन वू-पिंग, नायक तरुण जॅकी चॅन, आणि दारुड्या वस्तादाच्या कामात दिग्दर्शकाचे वडील युएन सिउ-तिएन. पोराला आठ दारुड्या देवांचे आठ डाव शिकायचे असतात. सात शिकतो. आठवा बाईचा, नखऱ्याचा. तो त्याला लाज वाटते म्हणून ऑप्शनला टाकतो. अंतिम लढतीत सात डाव संपतात, समोरचा पडत नाही, आणि वस्ताद बाजूला उभं राहून ओरडतो की आता आठवा काढ. पेपरात तेवढाच आला! पोरगं मग ऐन वेळी मनानं रचून लिहितं, कंबर हलवत, लाजत-मुरडत, आणि पास होतं. हा प्रसंग बारावीच्या मुलांना दाखवू नये. त्यांना वाटेल, असंही जमतं.

धडा ५ : शांघायच्या बागेचा पहारेकरी

‘फिस्ट ऑफ फ्युरी’ हा सिनेमा नांदेडच्या माणसानं एका प्रसंगासाठी पाहावा. शांघाय, विसाव्या शतकाची सुरुवात. शहराच्या मोठ्या भागावर परक्यांची हुकमत. गुरूच्या मरणानं पेटलेला ब्रूस ली एका बागेच्या फाटकाशी येतो. पहारेकरी त्याला अडवतो आणि पाटी दाखवतो : कुत्र्यांना आणि चिनी माणसांना मज्जाव. तेवढ्यात एक गोरी बाई कुत्रं घेऊन आत जाते. पुढं एक जपानी माणूस म्हणतो, कुत्र्यासारखा रांगत आलास तर तुला आत नेतो. मग जे होतं ते होतंच, आणि शेवटी पाटी हवेत उडते आणि लीच्या लाथेनं तिचे तुकडे होतात.

आता पहारेकऱ्याकडं बघा. पगडी, दाढी, गणवेश. तो शीख आहे. ही दिग्दर्शकाची लहर नाही. ब्रिटिशांच्या हाताखालच्या शांघाय पोलिसांत १८८०च्या दशकापासून शीख शिपाई होते. इंग्रजानं पंजाबातून माणूस उचलला आणि चीनच्या बागेच्या दारावर चिनी माणसालाच अडवायला उभा केला. सचखंड हजूर साहिबच्या गावात राहणारा माणूस पगडी ओळखतो, चिनी माणसाचा संताप ओळखतो, आणि एक मिनिट त्याला टाळी कुणासाठी वाजवायची तेच सुचत नाही. निजामाच्या मुलखातल्या आपल्या आजोबांनाही हे चटकन कळलं असतं : हुकूम देणारा पडद्यावर क्वचितच दिसतो, दारावर उभा असतो तो आपल्यासारखाच पोटासाठी आलेला असतो. परीक्षण लिहिताना या प्रसंगाला चार ओळी द्याव्यात. लाथेला एक पुरे.

धडा ६ : प्रात्यक्षिक (बाहेरील परीक्षक)

नानचाकू घरी करू नये. दोन दांडके खराट्याचे, मधली साखळी सायकलच्या चेनची, आणि पहिला फटका स्वतःच्या कोपराला, ही सगळ्यांची प्रगती सारखीच असते. ब्रिटनच्या सेन्सॉरनं याच भीतीनं १९७९ साली ‘एंटर द ड्रॅगन’मधली नानचाकूची दृश्यं कापली आणि वीसेक वर्षं ती परत येऊ दिली नाहीत. आपल्याकडं सेन्सॉरची गरज पडली नाही. आई खराटा शोधत यायची.

अभ्यासक्रम

पुढचे सिनेमे याच क्रमानं पाहावेत. ‘द थर्टी-सिक्स्थ चेंबर’, ‘ड्रंकन मास्टर’, ‘द वे ऑफ द ड्रॅगन’, ‘फिस्ट ऑफ फ्युरी’. नंतर चांग चेह यांचा ‘फाइव्ह डेडली व्हेनम्स’ (१९७८) : गोम, साप, विंचू, पाल आणि बेडूक अशा पाच विद्या शिकलेले पाच जण. शेतात कडबा उचलणाऱ्याला यातली एकही विद्या नवी नाही. मग जॅकीचा ‘पोलीस स्टोरी’ (१९८५), ज्यात शेवटी नावांबरोबर फसलेले, लागलेले प्रसंग दाखवतात. तेही पाहिल्याशिवाय उठू नये. त्यानंतर जेट लीचा ‘वन्स अपॉन अ टाइम इन चायना’ (१९९१). सर्वांत शेवटी किंग हू यांचा ‘अ टच ऑफ झेन’ (१९७१). तीन तासांचा आहे, कान महोत्सवात १९७५ साली तांत्रिक पारितोषिक मिळालंय, आणि पहिली खरी मारामारी तासाभरानं येते. हा आधी लावला तर घरचे लोक रिमोट काढून घेतील.

पेपर दुसरा : परीक्षण लिहिणे

गंमत अशी की सिनेमा बघताना नांदेड-लातूरचा माणूस उत्तम परीक्षक असतो. चहाच्या गाड्यावर तो बरोब्बर सांगतो : “दोराला लटकून उडायलाय गा तो, पाय बग की कसे लोंबायलेत.” लिहायला बसला की मात्र त्याला कापरं भरतं आणि कुठूनतरी ‘डोळ्यांचं पारणं फेडणारा नेत्रदीपक अनुभव’ येतो. म्हणून काही नियम.

पहिला : ‘थरारक’, ‘श्वास रोखून धरायला लावणारा’, ‘मास्टरपीस’ हे शब्द आढळल्यास प्रत्येकी एक गुण वजा.

दुसरा : कथा दोन ओळींत संपवावी. गुरू मेला, शिष्य पेटला. तिसरी ओळ लागत असेल तर सिनेमा कुंग फूचा आहे का ते पुन्हा तपासावं.

तिसरा : एक मारामारी निवडावी आणि तिचं वर्णन करावं. सुरुवातीला कोण कसा उभा होता, कुठं बदललं, कशामुळं. कॅमेरा लांब उभा राहून दोघांना डोक्यापासून पायापर्यंत दाखवत होता की घाईघाईनं तुकडे जोडत होता, हेही लिहावं. नटाला येत नसलं की कॅमेरा जवळ जातो. लाऊ कार-लुंगला लांब राहणं परवडायचं, कारण त्याच्याकडं मारामारी येणारी माणसं होती.

चौथा : बाजूला बसलेल्यांचं मत विचारावं, पण तोलून घ्यावं. पैलवान म्हणतो, “येवढं हाणायची गरजच न्हवती, पैल्यांदाच कबजा घ्यायचा.” कराटे क्लासला सहा महिने गेलेला भाचा प्रत्येक लाथेचं जपानी नाव सांगतो. आजी विचारते, “त्याला जेवाय कोण घालतंय?” तिघांपैकी आजीचा प्रश्न लिहून ठेवावा, ‘थर्टी-सिक्स्थ चेंबर’मधल्या मेसच्या वाटेचं मर्म तिला न बघता कळलेलं आहे.

सराव प्रश्नपत्रिका

प्र. १. पांढऱ्या भुवयांचा म्हातारा पडद्यावर आल्यास : (अ) तो आजोबा आहे (ब) तो खलनायक आहे (क) तो आजोबा असून खलनायक आहे (ड) तंबाखू मागायला आलाय.
उत्तर : ब. क लिहिणाऱ्यास अर्धा गुण.

प्र. २. नायकाला वीस जणांनी घेरलंय, तरी ते एकेक करून का येतात?
उत्तर : कुस्तीतही एकेकच येतो. प्रश्न रद्द.

प्र. ३. ‘वरिजनल’ ब्रूस लीचे पूर्ण झालेले कुंग फू सिनेमे किती?
उत्तर : चार. मामांसमोर : तीस.

प्र. ४. एका कुंग फू सिनेमाचं परीक्षण लिहा. (१० गुण)
नमुना उत्तर, पैकीच्या पैकी : “उटल्यावर त्यानं टाच उचलली अन् तितंच समोरचा हारला. मांजराला कळलं, त्या केसाळ छातीवाल्याला न्हाई. बाकी इस्टोरी काय न्हाई.”
तारे देण्याची आवश्यकता नाही.